सोमवारचा नमस्कार

भुंग्या, आज सोमवारी मी तुझा भात खाल्ला. अळणी, आणि त्यात तो उकडलेला लाल भोपळा. दीड वर्ष रोज तू हे कसं खात होतास रे बाबा? दोन घास गिळले आणि तिसऱ्याला मिठाची बरणी आणायला उठले. नसीमानं हात धरला. म्हणाली, "काकी, त्यानं खाल्लं तसंच खायाचं." मग तसंच खाल्लं. एकतीस वर्षांचा माझा सोमवारचा उपास आज कुत्र्याच्या वाडग्यावर मोडला.

कसा मोडला ते सांगते. पण तू जाऊन सहाच दिवस झालेत, ओळीनं सांगायला जमेल असं वाटत नाही. गिरणीवाली बाई मी, जन्म ओरडून बोलण्यात गेला. हळू बोलायला गेलं की आवाज कापतो. म्हणून तुझ्याशी नेहमीसारखी मोठ्यानंच बोलते.

तू आलास तो रिकाम्या पोत्यातनं. पोत्यांच्या गठ्ठ्यात कधी शिरलास कुणास ठाऊक. मी एक पोतं झाडलं आणि तू खाली पडलास, काळाकुट्ट, मुठीएवढा. आमच्या मालकांनी मोटर सुरू केली तसा तू गिरणीवरच भुंकायला लागलास. ती घूं करायची आणि तू तिच्या सुरात गूं करायचास. म्हणून तू भुंग्या. सकाळी काळा आणि संध्याकाळी पिठानं पांढरा. गिऱ्हाइकं विचारायची, "काकी, कुत्रं दळाय टाकलंय काय?" मी म्हणायची, "बारीक काढू का जाड, तेवढं सांगा."

आपलं कधी पटलं का? बाजरीच्या पोत्यावर बसू नकोस म्हटलं की तू तिथंच बसणार. माझं जुनं पायपुसणं तू पळवलंस ते शेवटपर्यंत दिलं नाहीस. एक मात्र कबूल करते. नंबर सोडून डबा पुढं सरकवणारं गिऱ्हाईक तू बरोबर हेरायचास. त्या डब्यावर पाय ठेवून उभा राहायचास. कैक जणांशी माझं भांडण तू वाचवलंस.

तुझी जागा ठरलेली होती. गिरणीच्या पलीकडं, गार भिंतीला लागून एक दुमडलेलं पोतं. समोर माझं स्टूल, आणि स्टुलाच्या वर भिंतीवर महादेवाचा फोटो. मधे गिरणी, आणि तिच्या वर धान्य ओतायचा तो मोठा पत्र्याचा चौकोनी डबा. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

रविवार म्हणजे मालकांचा. आठवडाभर चहा न करणारा माणूस रविवारी चुलीपाशी कुणाला फिरकू द्यायचा नाही. मटण आणायचं त्यांनी, वाटण बघायचं त्यांनी, तांबडा-पांढरा रस्सा करायचा त्यांनी. आणि पहिला वाटा तुझा. चरबीचे तुकडे बाजूला काढून ठेवायचे, म्हणायचे, "पैलवान गडी हाय, खाऊ दे." वरनं नळी. रस्सा उरला की भाकरी कुस्करून तोही. जीव होता त्यांचा तुझ्यावर. त्या जिवाचंच पुढं काय झालं ते तुला माहीत आहे.

तू आठ-नऊ वर्षांचा असशील. एका सोमवारी मी स्टुलावर बसून भुईमुगाचे दाणे खात होते आणि तू वाडग्याकडं बघितलं पण नाहीस. मग उठलास, पुढचे पाय लांब केलेस, छाती जमिनीला टेकवलीस, मागचं अंग वर. तसाच राहिलास, बराच वेळ. मी वर बघितलं, महादेव. खाली बघितलं, तू. अंगावर काटा आला माझ्या. "अगं बाई, ह्यो तर नमस्कार घालतोय!" असं मी ओरडले, आणि मी ओरडले म्हणजे गल्लीला ऐकू गेलं.

पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी तेच. मंगळवारी परत तू वाडगा चाटून साफ. मग काय विचारतोस! भुंग्याचा भुंगोबा झाला. सोमवारी दळण घेऊन बायका मुद्दाम यायला लागल्या. कुणी तुझ्या कपाळाला भस्म लावलं, कुणी पुढ्यात बेल ठेवला. तुझं फोनवरचं चित्र कागलपर्यंत पोचलं आणि माझी चुलत बहीण फोन करून म्हणाली, "तुझ्या उपासापरीस त्या मुक्या जनावराचा उपास खरा गं." मला राग यायला पाहिजे होता. मला अभिमान वाटला. देव भावाचा भुकेला, असं मीच येईल त्याला सांगत होते. इतकी वर्षं एकटीनं उपास केला, आता सोबतीला कुणीतरी मिळालं म्हणून मनात सुखावले होते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणि खुणा काय कमी होत्या? आता एकेक आठवते आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. तू गवत खायचास. मी म्हणायची, दुर्वा खातोय, बापाबरोबर लेकाचंही बघतोय. पोटाला हात लावला की गुरगुरायचास, जन्मात कधी गुरगुरला नव्हतास तू माझ्यावर. मी म्हटलं, उपासाला चिडचिड व्हायचीच, मला होत नाही का? सारखा गार भिंतीला पोट लावून पडायचास. पाणी भसाभसा प्यायचास. बरगड्या दिसायला लागल्या होत्या, पण अंगावर कायम पिठाचा थर, बघणार कोण? मी दिवसाला पन्नास घरांचं पीठ हातानं ओळखणारी बाई. चिमटीत धरलं की सांगते, गहू कुठला, ओला का वाळका. आणि तुझ्या अंगावरनं एकदा हात फिरवून बघायला मला जमलं नाही.

नसीमाला जमलं.

नसीमा आपल्या मागच्या गल्लीतली, साड्यांना फॉल-पिको करणारी. माहेर हातकणंगल्याचं, लहानपण शेळ्यांत गेलेलं. दळण होईस्तोवर ती पोत्यावर बसायची आणि माझ्याशी गप्पा मारायची. तिच्याइतकं निवांत माझ्याशी दुसरं कुणी बोलत नाही. एका सोमवारी ती तुझ्याजवळ जाऊन खाली बसली. तुझ्या पोटाशी हात नेला, तुझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काकी, ह्यो उपास न्हाय. ह्याच्या पोटात दुखतंय. आमच्या शेळीचं असंच व्हायचं, दावणीला मुरडून उभी ऱ्हायाची. दवाखान्यात न्या की ह्याला."

गिरणीत चार बायका होत्या. एकीच्या हातात बेलाचं पान होतं. माझा पारा चढला. म्हटलं, "तुझी शेळी आन माझा भुंग्या एक न्हाय. आमच्या सोमवारातलं तुला काय कळतंय?"

भुंग्या, गिरणी सुरू असती तर बरं झालं असतं. नेमकी बंद होती. शब्द अन् शब्द सगळ्यांना ऐकू गेला. नसीमानं ओढणी सारखी केली, डबा उचलला आणि म्हणाली, "व्हय काकी, मला न्हाय कळत." बस, एवढंच. पुढं ती दळणाला यायची, पण पोत्यावर बसली नाही. दारात डबा ठेवायची आणि अर्ध्या तासानं येऊन न्यायची. तू उठून तिच्या मागं दारापर्यंत जायचास. मला ते दिसायचं.

मग तो मंगळवार आला. सोमवारचा उपास तू मंगळवारी सोडला नाहीस. पिवळं ओकलास. उभा राहिलास की मागचे पाय थरथरायचे. मालकांनी घरचे उपाय काढले. ओव्याचं पाणी पाजलं, ते उलटलं. मग म्हशी पिळतात त्या कट्ट्यावरनं धारोष्ण दूध आणलं, त्यात हळद घातली, तूप घातलं, आणि "पी बाळा, ताकद येईल" म्हणत वाटी तोंडाला लावली. मी माझ्या डोकेदुखीची अर्धी गोळी कुटून घालणार होते. नशीब, तू तोंड उघडलं नाहीस. दुपारी तू परत तसा वाकलास आणि वाकलेल्या ठिकाणीच कुशीवर कलंडलास. तेव्हा मात्र माझी भक्ती उतरली.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, आजऱ्याकडच्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. विचारलं, "कधीपासनं खात नाही?"

"काल सोमवार, उपास होता. आज मात्र—"

"उपास कुणाचा?"

"ह्याचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मग एकेक करून विचारलं. रविवारी काय खातो, किती खातो, सोमवारी काय करतो. तू तो नमस्कार कसा घालतोस ते मी हातानं करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मावशी, तो नमस्कार नाही. पोटात कळ आली की कुत्रं असं वाकतं, तेवढाच पोटाला आराम. चरबी पचवणारी एक ग्रंथी असते पोटात, ती सुजलीय त्याची. दर रविवारी चरबी, दर सोमवारी कळ. मंगळवारी जरा बरं वाटलं की परत रविवार."

मालक मागं उभे होते. ते बाहेर गेले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. घरी येऊन म्हणाले, "मी माझ्या हातानं घातलं गं." मी म्हटलं, "आन मी हात जोडले. तुमच्यापरीस माझंच जास्त." त्यावर कधी आमचा निकाल लागला नाही. अजून अधनंमधनं ते वाद घालतात की चूक त्यांची मोठी, आणि मी म्हणते माझी.

तू वाचलास. पाच दिवस सलाईन, मग हा भात. डॉक्टरीणबाईंनी मला शिकवलं आणि मी दहावी नापास बाई परीक्षेला बसल्यासारखी शिकले. रोज सकाळी तुझा ओठ वर करून हिरडी बघायची. गुलाबी आणि ओली असली तर ठीक, पांढुरकी आणि चिकट असली तर उठायचं. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडायची. पटकन बसली तर अंगात पाणी आहे. नाक गार का गरम यावर फार जायचं नाही. पाणी किती प्यायला, ओकला का, शी कशी झाली, सगळ्यावर लक्ष. रोज कपड्यानं पीठ झाडून बरगड्यांवरनं हात फिरवायचा. दोन वेळा तोंड फिरवलं की वाट बघायची नाही, घेऊन जायचं. आणि माणसाची गोळी कुत्र्याला कधीच नाही. तुला ते ओठ वर करणं अजिबात आवडायचं नाही. असा बघायचास माझ्याकडं, जसं काही मी दात चोरायलाच आलेय.

घरी आल्यावर पहिल्या सोमवारी मी वाडगा ठेवला आणि स्टुलावर जीव मुठीत धरून बसले. तू वास घेतलास. माझ्याकडं बघितलंस. आणि खाल्लंस! सगळं खाल्लंस, वाडगा ढकलत ढकलत दारापर्यंत नेलास. मी मोटर बंद केली आणि पदर तोंडात धरून रडले. दळणाला आलेली बाई घाबरून म्हणाली, "काय झालं हो?" म्हटलं, "भुंगोबानं सोमवार सोडला." ती म्हणाली, "अरे देवा, वाईट झालं." म्हटलं, "लई चांगलं झालं."

त्यानंतरचं दीड वर्ष तू मला फुकट दिलंस. मालकांनी रविवार सोडला नाही, कोल्हापूरचा माणूस तो. पण दार आतनं लावून चोरासारखं जेवायला लागले. तू दारावर पाय घासायचास आणि ते आतनं ओरडायचे, "न्हाय द्यायचं म्हणून सांगितलंय, माझ्या हातात काय न्हाय!" एकदा पण दिला नाही तुकडा. मी शपथेवर सांगते, मी लक्ष ठेवून होते.

दळणाला येणाऱ्यांना मी तुझं उदाहरण देऊन सांगायची, जनावर खात नसलं तर त्यात देव शोधू नका, दुखणं शोधा. सगळ्यांना सांगितलं. फक्त जिला सांगायला पाहिजे होतं तिला सांगितलं नाही. त्या मंगळवारी दुपारी तुला दवाखान्यात नेलं ते नसीमाच्याच नवऱ्याच्या रिक्षातनं, ती स्वतः तुझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. एका शब्दानं तिनं मला "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हटलं नाही. पुढं ती दळणाला आली की माझ्या ओठापर्यंत यायचं, चुकलं बाई माझं. आणि मी मोटर सुरू करायची. एवढी बडबडी मी, पण हे दोन शब्द दीड वर्ष पट्ट्याच्या आवाजात घालवले.

कालचा सोडून त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी मी गिरणी उघडली आणि तू वाकलास. एकदाच. मी वर फोटोकडं बघितलंसुद्धा नाही. ओठ उचलला, हिरडी पांढरी. कातडी उचलली, तशीच राहिली. अर्ध्या तासात आपण दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, ह्या खेपेला तुम्ही अगदी वेळेत आणलंत." दोन दिवस त्यांनी सगळं केलं. मंगळवारी सकाळी त्यांनीच सांगितलं, आतनं फार थकलाय तो, पहिल्या वेळी झालेली नासाडी भरून येत नाही. पहिल्या वेळी म्हणजे ते सगळे सोमवार. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण मला मोजता येतं. माझ्या मांडीवर तू परत पुढचे पाय ताणायला बघितलंस. मी पोटाखाली हात धरला, आधाराला. माझ्या हातावर तुझं वजन किती कमी होतं! मग ताण गेला.

आणि आज. सवय वाईट असते. सकाळी आंघोळ करून, फोटोला बेल वाहून, मी तुझा भात टाकला. भोपळा चिरला. वाडगा घेऊन गिरणीत आले, मोटर सुरू केली आणि वाडगा तुझ्या पोत्यापाशी ठेवायला वाकले, तेव्हा लक्षात आलं. तेवढ्यात लाईट गेली. गिरणी थांबली. माझे गुडघे असे, की मी कधी खाली बसत नाही. पण आज तिथंच, तुझ्या पोत्यावर, धपकन बसले. वाडगा मांडीवर.

नसीमा दळण घेऊन आली, दारात डबा ठेवला, मला शोधलं. "काकी? तितं काय करतायसा?"

मी म्हटलं, "नसीमा, हिकडं ये. हितं बस जरा." ती आली. त्या सोमवारनंतर आज पहिल्यांदा आत आली. माझ्या शेजारी टेकली. मी म्हटलं, "समोर बघ. काय दिसतंय?"

"गिरणी. तुमचं स्टूल."

"आन फोटो?"

तिनं मान तिरकी केली, वाकडी केली. "गिरणीवरचा डबा मधी येतोय की. न्हाय दिसत फोटो हितनं."

"न्हाईच दिसत," मी म्हटलं. "तुझं बरोबर होतं, नसीमा. मी लई वाईट बोलले तुला. चुकलं माझं." गिरणी बंद होती. शब्द अन् शब्द ऐकू गेला. तिनं ओढणीनं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं, आणि वाडग्याकडं बघून म्हणाली, "ह्यो भात गार व्हाय लागलाय."

तो आम्ही दोघींनी खाल्ला. महादेवावर माझा राग नाही. पुढचा सोमवार मी परत धरीन, त्यात त्या बिचाऱ्याचं काय? त्याच्याकडं तू कधी काही मागितलंच नव्हतंस. तुझ्या जागेवरनं फोटो दिसत नाही, भुंग्या. डब्याखालच्या फटीतनं नुसतं माझं स्टूल दिसतं. वर्षभर, दर सोमवारी, तू माझ्याकडं बघून वाकत होतास, आणि मी माझ्या डोक्यावरच्या फोटोला हात जोडत होते.